पाच ओळींच्या यादीमागचं काम

अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णाला बहुधा एक खास नळी घातलेली असते. मानेतून, छातीच्या वरच्या भागातून किंवा जांघेतून आत शिरलेली ही नळी हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत पोचते. डॉक्टर आणि सिस्टर तिला ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. रक्तदाब सावरणारी काही जहाल औषधं हातावरच्या बारीक शिरेला सोसत नाहीत, ती या नळीतून देतात. नळी रुग्णाला तारते खरी, पण जंतूंनाही ती थेट रक्तात जायची वाट करून देते. त्वचेवरचे जंतू नळीच्या कडेने आत सरकतात, नाहीतर नळी हाताळणाऱ्याच्या बोटांवरून तिच्या तोंडाशी येऊन बसतात. नळीच्या पृष्ठभागावर त्यांचा चिकट थर जमला की प्रतिजैविकंही तिथे नीट पोचत नाहीत. आधीच खचलेल्या शरीरात असा संसर्ग पसरला, तर रुग्ण हाताबाहेर जायला फार वेळ लागत नाही.

हा संसर्ग कसा टाळायचा, हे विसावं शतक संपेपर्यंत पुरेसं माहीत झालं होतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अतिदक्षता विभाग सांभाळणाऱ्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली त्या माहितीतून पाच ओळी वेचल्या. नळी घालण्यापूर्वी हात धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसा. टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घाला, रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाका. शक्यतो जांघेतून नळी घालू नका. गरज संपली की नळी लगेच काढा. यात नवं काहीच नव्हतं. यातली कुठलीही ओळ वैद्यकीच्या विद्यार्थ्याने परीक्षेत बिनचूक लिहिली असती.

प्रोनोव्होस्ट यांनी विभागातल्या परिचारिकांना महिनाभर नुसतं बघायला सांगितलं. नळी घालताना डॉक्टर या पाचही गोष्टी करतात का, याची त्यांनी नोंद ठेवली. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत निदान एक तरी पायरी गाळलेली आढळली. हे नावाजलेलं रुग्णालय होतं आणि डॉक्टर निष्काळजी नव्हते. रात्री अडीचला रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णाला नळी घालायची, तेव्हा गाऊन एका कपाटात, मोठी चादर दुसऱ्या खोलीत आणि द्रावण तिसरीकडे असेल, तर माणूस जे हाताशी असेल त्यावर भागवतो.

म्हणून पुढचं पाऊल अगदी साधं होतं. लागणाऱ्या सगळ्या वस्तू एका ढकलगाडीत एकत्र ठेवल्या गेल्या. त्याच्या पुढचं पाऊल मात्र साधं नव्हतं. डॉक्टरने पायरी गाळली तर परिचारिकेने त्याला थांबवायचं, आणि तिच्या पाठीशी व्यवस्थापन उभं राहील, असं ठरलं. ज्येष्ठ डॉक्टरला भर वॉर्डात ‘सर, गाऊन राहिला’ म्हणणं आपल्याकडच्या सिस्टरला जितकं जड जातं, तितकंच ते बाल्टिमोरमध्येही जड होतं. यादी कागदावर उतरवणं सोपं होतं, ती म्हणून दाखवायचा अधिकार देणं अवघड. हे दोन्ही झालं तेव्हा त्या विभागातले संसर्ग झपाट्याने घटले.

एका विभागातून एका राज्यात

एका नामांकित रुग्णालयात, एका झपाटलेल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काहीही यशस्वी होतं. खरी कसोटी पुढे होती. २००३ मध्ये मिशिगन राज्यातल्या रुग्णालयांच्या संघटनेने जॉन्स हॉपकिन्सबरोबर ‘कीस्टोन’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन यंत्रणेकडून आला. राज्यभरातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी भाग घेतला. त्यात मोठी विद्यापीठीय रुग्णालयं होती, तशी छोट्या गावांतलीही होती.

एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या रुग्णालयांनी इथे आपापले संसर्ग एकाच मापाने मोजायचं कबूल केलं. ते माप होतं दर हजार नळी-दिवसांमागे किती संसर्ग. दहा रुग्णांना प्रत्येकी दहा दिवस नळी असली, तर शंभर नळी-दिवस झाले. अशा मापामुळे आठ खाटांचा विभाग आणि चाळीस खाटांचा विभाग शेजारी ठेवून पाहता येतात. मोजणी नळी घालणाऱ्या डॉक्टरने करायची नव्हती. ते काम रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण कर्मचाऱ्यांकडे होतं आणि संसर्ग कशाला म्हणायचं याची व्याख्या आधीच ठरलेली होती.

प्रत्येक विभागातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी नेमली गेली. ही मंडळी ठरावीक काळाने फोनवर एकत्र येत, वर्षातून काही वेळा समोरासमोर बसत, कुठे काय अडतंय ते सांगत. प्रत्येक विभागाला रुग्णालयातला एक वरिष्ठ व्यवस्थापकही जोडून दिला होता. त्याने महिन्यातून एकदा वॉर्डात यायचं आणि परिचारिकांच्या अडचणी ऐकायच्या, एवढंच त्याचं काम. त्याचा उपयोग लवकरच दिसला. ज्या क्लोरहेक्सिडिनवर यादीतली दुसरी ओळ उभी होती, ते एक तृतीयांश विभागांतसुद्धा उपलब्ध नव्हतं! खरेदी विभागाच्या यादीत ते नव्हतं आणि परिचारिकेच्या सांगण्यावरून ते आलं नसतं. व्यवस्थापकांनी शब्द टाकला आणि काही आठवड्यांत ते सगळीकडे पोचलं. पुढे नळी बनवणाऱ्या कंपनीलाही नळीबरोबरच मोठी चादर आणि क्लोरहेक्सिडिन एका पाकिटात घालून द्यायला राजी केलं गेलं.

निकाल डिसेंबर २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. १०३ विभागांची आकडेवारी त्यात होती. संसर्गाच्या प्रमाणानुसार विभाग ओळीने लावले, तर सुरुवातीला मधोमध येणाऱ्या विभागाचा संसर्गदर हजार नळी-दिवसांमागे २.७ होता. तीन महिन्यांत तो शून्यावर आला, म्हणजे निम्म्या किंवा त्याहून जास्त विभागांत त्या काळात एकही संसर्ग झाला नाही. सरासरी दर ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर उतरला. प्रकल्पाचा मूळ काळ संपल्यावरही ९० विभाग आकडे देत राहिले आणि तीन वर्षांनी सरासरी १.१ होती. सुधारणा झाल्याच्या बातम्या वैद्यकीत पुष्कळ असतात. तीन वर्षांनीही ती टिकून असल्याची बातमी क्वचित येते.

सोपी गोष्ट दूर गेली, अवघड मागे राहिली

या यशाची बातमी जगभर पसरली ती यादीची बातमी म्हणून. पाच ओळींच्या कागदाने माणसं वाचली, हे सांगायलाही सोपं आणि छापायलाही. इंग्लंडमधल्या समाजशास्त्रज्ञ मेरी डिक्सन-वूड्स यांनी प्रोनोव्होस्ट यांच्यासह २०११ मध्ये मिशिगनची नव्याने चिकित्सा केली, तेव्हा त्यांचा निष्कर्ष वेगळा होता. विभागांचं आपसांत बांधलेलं जाळं, समव्यवसायींसमोर मागे पडायची नकोशी वाटणारी जाणीव, विश्वासार्ह आकडे, आणि संसर्ग हा रुग्णाच्या नशिबाचा भाग नसून आपल्या हातून सुटलेलं काम आहे ही बदललेली समजूत, यांनी काम केलं. यादी हा त्यातला एक भाग होता.

पुढच्या वर्षांत वेगवेगळ्या देशांत जे घडलं, त्यातून हा मुद्दा जास्त स्पष्ट होतो.

शस्त्रक्रियेसाठीही अशीच एक यादी तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी ते काम डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली झालं. भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी आणि रुग्ण टेबलावरून हलवण्यापूर्वी थांबून एकोणीस गोष्टी मोठ्याने तपासायच्या, असं तिचं स्वरूप. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने मग २०१० मध्ये सगळ्या रुग्णालयांना ही यादी वापरल्याची आकडेवारी जाहीर करणं बंधनकारक केलं. रुग्णालयांनी जवळपास शंभर टक्के पालनाचे अहवाल पाठवले. यादी लागू होण्यापूर्वीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने अशा १०१ रुग्णालयांतल्या दोन लाखांहून जास्त शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. मृत्यूंचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के झालं होतं. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. यादी तीच होती. पण ती हुकमाने आली होती, तिच्यासोबत सक्तीचं प्रशिक्षण नव्हतं, आणि मोजलं जात होतं ते रकान्यातल्या खुणांचं प्रमाण. रकाने भरणं हेच काम ठरलं की माणसं रकाने भरतात, याचा अनुभव आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयात घेता येतो.

इंग्लंडने तर मिशिगनचाच कित्ता गिरवला. २००९ ते २०११ या काळात तिथल्या अतिदक्षता विभागांतही नळीचे संसर्ग सुमारे साठ टक्क्यांनी घटले. पण ज्या विभागांची प्रकल्पात शिरायची पाळी अजून आली नव्हती, तिथेही ते घटत होते. तेव्हा श्रेय प्रकल्पाचं किती आणि काळाच्या ओघाचं किती, हे वेगळं काढता आलं नाही. मिशिगनच्या यशाकडेही त्यामुळे जरा सावधपणे पाहावं लागतं, कारण तिथे तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरचे विभाग ठेवलेलेच नव्हते. इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. अनेक विभागांना हा प्रकल्प वरून लादलेला वाटला. मिशिगनमध्ये तो ‘आपला’ होता.

उत्तर प्रदेशातला धडा

सगळ्यात बोधक प्रयोग आपल्या देशात झाला. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची अठ्ठावीस कलमी यादी उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत वापरून पाहिली गेली. एकूण १२० आरोग्य केंद्रं निवडली. त्यांतल्या निम्म्या केंद्रांत यादीसोबत शिकवणारी माणसंही पाठवली. ही प्रशिक्षित मंडळी, बहुतेक परिचारिकाच, आठ महिने केंद्रांत येत राहिली. सुरुवातीला भेटी वारंवार होत, मग हळूहळू विरळ. त्या बाळंतपणाच्या खोलीत उभ्या राहून काम पाहत आणि सिस्टरशी बोलत. उरलेली केंद्रं नेहमीप्रमाणे चालली. दीड लाखाहून जास्त मातांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवली गेली. या आकाराचे अभ्यास जगात मोजकेच आहेत.

प्रयोग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा प्रशिक्षण मिळालेल्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के होत होत्या. इतर केंद्रांत ४२ टक्के. फरक घसघशीत होता. वर्ष उलटलं, शिकवणाऱ्यांच्या भेटी थांबून काही महिने झाले होते. आता तेच प्रमाण ६२ आणि ४४ टक्के होतं. मिळवलेलं सगळं गेलं नव्हतं, पण गळती सुरू झाली होती. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला, ते आई-बाळांचे मृत्यू आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्याच राहिल्या, १५ टक्क्यांच्या थोड्या वर. २०१७ च्या डिसेंबरात हा निकाल प्रसिद्ध झाला.

यावरून शिकवणं वाया जातं, असा अर्थ काढणाऱ्याने पहिला आकडा पुन्हा वाचावा. सोबत उभं राहून शिकवल्याने माणसांच्या हातांतलं काम बदलतं, हे या प्रयोगाने सिद्ध केलं. पण रक्तस्राव थांबेना तर रक्त कुठून आणायचं, अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियेच्या ठिकाणी किती वेळात पोचवायचं, रडत नसलेल्या बाळाला श्वास देण्यात हात पुरेसा बसला आहे का, या प्रश्नांना यादीत उत्तर नव्हतं. मिशिगनच्या विभागांत यादीच्या मागे चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा, औषधांचं कोठार आणि पुरेसे कर्मचारी होते. तिथे फक्त शेवटची फट बुजवायची होती. ग्रामीण केंद्रात फट कुठली आणि भिंत कुठली, हेच आधी पाहावं लागतं.

गडचिरोलीने काय टिकवलं

याउलट उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. गावातल्या नवजात बाळांचे मृत्यू रुग्णालयांच्या नोंदीत येतच नव्हते, कारण बाळं घरी जन्मत आणि घरीच जात. १९९३ पासून ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. शाळेत काही इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, अंगावर पाजायला मदत करणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला फुग्याने हवा देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, एवढं सगळं त्या शिकल्या.

‘सर्च’ने त्याआधी बाळांच्या न्यूमोनियावर केलेल्या कामात अक्षरओळख नसलेल्या दायांनाही बाळाचे श्वास मोजायचे होते. मिनिटाला पन्नास-साठपर्यंत मोजणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून मण्यांची पाटी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ आलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दायांच्या हातात काय येतं ते पाहून उपकरण बनवलं होतं, उपकरणाला जुळतील अशा दाया शोधल्या नव्हत्या.

आरोग्यदूताला एकदाच वर्गात बसवून प्रमाणपत्र दिलं गेलं नाही. ती थोडं शिके, गावात जाऊन ते करी, मग पुढचं शिके. दर पंधरवड्याला देखरेख करणारी व्यक्ती गावात येई, तिची नोंद तपासे, बाळ स्वतः पाही, चुकलं तर तिथेच सुधारे. मृत्यूंची मोजणी वेगळ्या यंत्रणेकडून पडताळली जाई. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी कमी झालेला होता. हजार जन्मांमागे ६२ मृत्यू होत होते, ते सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. महाराष्ट्रातल्या इतर स्वयंसेवी संस्थांनीही हा प्रयोग आपापल्या भागात करून पाहिला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने तो देशभरातल्या आशाताईंच्या कामात घातला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा भेटी, घरी झालं तर सात, असं वेळापत्रक ठरलं.

एका जिल्ह्यातला प्रयोग राष्ट्रीय कार्यक्रमात उतरताना काही गोष्टी बदलतात. राष्ट्रीय योजनेत इंजेक्शनचं काम आशाताईकडे ठेवलेलं नाही, आजारी बाळ ओळखून पुढे पाठवणं हे तिचं काम. त्यामुळे पुढे पाठवलेलं बाळ जिथे पोचतं, त्या रुग्णालयातला नवजात कक्ष कसा चालतो यावर तिच्या भेटीची किंमत ठरते. तिच्या पिशवीतला वजनकाटा बिघडला तर तो किती दिवसांनी बदलून मिळतो, यावरही ठरते. गडचिरोलीत पंधरवड्याला येणाऱ्या त्या माणसाची जागा महाराष्ट्रात गटप्रवर्तक घेतात. त्यांच्याकडे अनेक आशाताई असतात, आणि बराचसा वेळ अहवाल गोळा करण्यात जातो. बाळाजवळ बसून शिकवायला जो वेळ उरतो, तेवढीच या योजनेतली गडचिरोली शिल्लक राहते.

डॉक्टरांचं शिक्षण कुठे होतं

व्यावसायिक शिक्षण म्हटलं की आपल्याकडे परिषद डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी टिकवायला डॉक्टरला पाच वर्षांत तीस गुण मिळवावे लागतात आणि ते बहुतेक व्याख्यानं, परिषदा, कार्यशाळांतून मिळतात. हे निरुपयोगी नाही. अशा सभांवर झालेल्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आहे. त्यात डॉक्टरांच्या वागण्यात सहा-सात टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसते. स्वतःच्याच कामाचे आकडे माणसाला परत दाखवले तर काय होतं, याचाही आढावा आहे. सुधारणा सरासरीने चार टक्क्यांच्या घरात येते, पण मूळ काम जितकं कच्चं तितका लाभ मोठा. आकडे दाखवणारा सहकारी असेल, ते पुन्हा पुन्हा दाखवले जात असतील, आणि पुढे काय करायचं हे ठरवून दिलं असेल, तर तो आणखी वाढतो. मिशिगनमध्ये आणि गडचिरोलीत नेमकं हेच होतं. शिकवणं आणि मोजणं वेगळे विभाग नव्हते. मोजलेलं शिकण्यासाठी वापरलं जात होतं.

त्यासाठी मोजणी खरी असावी लागते, आणि खरं सांगणाऱ्याला शिक्षा होत नसेल तरच ती खरी राहते. संसर्ग जास्त दाखवणाऱ्या विभागाची चौकशी लागणार असेल, तर संसर्ग कमी नोंदवले जातील, एवढं कळायला संशोधन नको.

आरोग्यसेवेत नव्या कल्पनांना तोटा नाही. पथदर्शी प्रकल्पाला निधी मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात, दोन वर्षांनी अहवालही निघतो. टिकवण्याचं काम मात्र अंदाजपत्रकात अगदी किरकोळ दिसणाऱ्या ओळींवर चालतं. संसर्ग-नियंत्रण सिस्टरला आठवड्यातले काही तास फक्त मोजणीसाठी मोकळे ठेवायचे. गटप्रवर्तकाचा प्रवासभत्ता वेळेवर द्यायचा. संपलेलं द्रावण आणि बिघडलेला काटा मागितल्याबरोबर यायला हवा. जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी आपले वाईट आकडे एकमेकांसमोर ठेवायची बैठक प्रकल्प संपल्यावरही दर महिन्याला भरायला हवी. या ओळी ज्या योजनेत लिहिलेल्या नसतील, तिची यादी कितीही चांगली असली तरी वर्षभरात उत्तर प्रदेशातली गळती तिथेही सुरू होईल. म्हणून नवी योजना जाहीर झाली की तिच्यात काय नवं आहे हे विचारण्याआधी, तिसऱ्या वर्षी तिची देखभाल कोण आणि कुठल्या पैशातून करणार, हे विचारलेलं बरं.